पांगाऱ्यातली ढोली

नदीकाठच्या एका जंगलात राहणाऱ्या खारीची ही गोष्ट. जंगलात झाडं चिक्कार, पण या बाईला स्वतःचं म्हणावं असं घर नव्हतं. आज या फांदीच्या बेचक्यात, उद्या त्या कपारीत. एकटीचं काय, निभून जातं हो! पण माघ सरता सरता आपल्या पोटात पिल्लं आहेत हे तिला कळलं आणि तिच्या जिवाला घोर लागला. खारीची पिल्लं जन्मतात ती उघडीवाघडी, डोळे मिटलेली. सुरुवातीचे दिवस त्यांना थंडीत टाकून आईला कुठे जाता येत नाही. म्हणून तिनं साठ सुकी बोरं जमवून ठेवली होती. तीस घरासाठी आणि तीस बाळंतपणात बसल्या जागी खायला. खारीचा हिशेब अगदी चोख होता बरं का!

ती गेली सुतारपक्ष्याकडे. त्याच्याएवढा जाणता कारागीर जंगलात दुसरा नव्हता, आणि त्याच्याएवढा कमी बोलणाराही. त्यानं फुललेल्या पांगाऱ्याची एक जाड फांदी चोचीनं ठोकून पाहिली, कान लावला आणि म्हणाला, "ताई, घराच्या रीती दोन. काड्या आणि काथ्या विणून केलंस तर स्वस्तात होईल, मोडलं तर जोडता येईल, पण भिंती विरळ, वारा लागणार. ढोली कोरून घेतलीस तर ऊब चांगली. पण तिथे भिंत आपण बांधत नाही. कोरून जे लाकूड उरतं तीच भिंत, तेच छप्पर. एक खोली, एक दार, तीस बोरं."

"सुतारदादा, ढोलीच करा," खार म्हणाली. पिल्लांना ऊब हवी, हे तिचं पक्कं होतं. आणि खरं सांगायचं तर तिची निवड अगदी योग्य होती. चार दिवसांत खोली तयार झाली. खार आत जाऊन गोल बसली, तेव्हा बाहेरचा वारा तिला ऐकूसुद्धा येईना. तिला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तिथेच थांबली असती तर गोष्टही इथेच संपली असती.

पण पांगारा फुलला की साळुंक्या येणारच. त्यातली एक फुलातला रस पिता पिता दारातून आत डोकावली. "अगं बाई, एकच दार? आणि साप आला म्हणजे?" झालं! खार धावत कारागिराकडे. दहा बोरांत मागचं दार निघालं. दुसऱ्या दिवशी साळुंकी पुन्हा हजर. "पिल्लं काय लहानच राहणार आहेत? त्यांना वेगळी खोली नको?" खारीला ते पटलं. आणखी दहा बोरं गेली.

सुतारपक्ष्यानं या वेळी चोच पुसली आणि तो थोडा थांबला. "ताई, भिंत पातळ होत चाललीय."

"बोरं मी मोजतेय ना?" खार जरा फणकाऱ्यानंच म्हणाली. घर बांधणाऱ्याच्या अंगात असा एक फणकारा येतोच, तुम्ही कुणालाही विचारा. "आता फक्त एक कोनाडा करा. माझी बोरं ठेवायला."

"भिंत तुझी, बोरंही तुझी," असं म्हणून सुतारपक्ष्यानं कोनाडा कोरला. मोठा सुबक कोनाडा! खार तो बघतच राहिली. मग त्याची मजुरी म्हणून शेवटची दहा बोरं तिनं मोजून दिली, आणि कोनाड्यात ठेवायला तिच्याकडे एकही बोर उरलं नाही.

दोन दिवसांनी भर दुपारी नदीवरून वारा सुटला. काही वादळबिदळ नव्हतं, असा वारा दर फाल्गुनात येतो. आजूबाजूच्या फांद्या वाकल्या आणि पुन्हा सरळ झाल्या. खारीची फांदी मात्र मागच्या दारापासून कोनाड्यापर्यंत कडाडली. खार जड पोटानं कशीबशी बाहेर उडी मारते न मारते, तोच फांदी ढोलीसकट खाली आली. खार वाचली, हे नशीब.

ती रडत रडत सुतारपक्ष्याकडे गेली. "दादा, दुसरी कोरून द्या हो. बोरं मी नंतर देईन."

"देईन गं, बोरांचं राहू दे," तो हळहळून म्हणाला. "पण चार दिवस लागतील. आहेत का तुझ्याकडे चार दिवस?"

नव्हते. खारीनं त्याच संध्याकाळी एका बेचक्यात काड्या आणि काथ्या ओढून जमेल तसं घरटं विणलं, आणि पहाटे तिला तीन पिल्लं झाली. जिवंत, धडधाकट, एवढीएवढीशी. विरळ भिंतींतून वारा आत येत होता. आपलं झुपकेदार शेपूट त्यांच्यावर पांघरून ती बसून राहिली. पण पोटात अन्न नाही तर दूध कुठून येणार? ऊन वर येताच तिला उठावं लागलं. तिनं शेपूट उचललं तशी तिन्ही पिल्लं थंडीनं कुडकुडली आणि एकमेकांना चिकटली.

"हे सगळं तुमच्यासाठीच करत होते रे," ती पुटपुटली, आणि त्यांना तसंच वाऱ्यात ठेवून बोरं शोधायला निघाली.

तात्पर्य : घर कोणत्या रीतीनं बांधायचं ते जाणत्याला विचारून ठरवावं, आणि ठरलं की त्या रीतीची मर्यादा पाळावी. हौशीपायी भिंतीचं बळ आणि घरच्यांच्या तोंडचा घास खर्चून बसलं, तर घर कितीही सुबक झालं तरी त्यात राहणाऱ्यांनाच ते पारखं होतं.