दीपमाळेभोवती जीप

“…आणि वळण संपल्यावर हात सैल सोडले, तर स्टिअरिंग आपणहून परत का येत नाही, बुवा?”

या एका प्रश्नानं माझी झोप उडवली होती. नवरा म्हणाला, तू फार विचार करतेस. हे तो लग्नापासून म्हणतोय, आणि मी त्यावरही फार विचार करत आलेय.

बुवा मठाच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. एक शेंग त्यांनी माझ्या मुलीपुढे धरली.

रेवा पाच वर्षांची. तिनं शेंग घेतली नाही. घेता आली नाही, असं म्हणायला हवं. जीपमधून उतरून बराच वेळ झाला होता, तरी तिच्या दोन्ही मुठी मिटलेल्याच होत्या.

बुवांनी त्या मुठींकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“फेरी झाली?”

“कसली फेरी?”

“हितं सवाल फेरीनंतर.”

सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, त्या मठाचा रिवाजच तसा आहे. अंगणातल्या दीपमाळेला फेरी घातल्याशिवाय काही विचारायचं नाही. पायी आलेल्यानं पायी, गाडीनं आलेल्यानं गाडीनं. बुवा तरुणपणी घाटात जीप चालवायला शिकवायचे. चुलते गेल्यावर मठ त्यांच्याकडे आला. त्यामुळे तिथं दोन प्रकारचे लोक येतात. मन डळमळणारे, आणि स्टिअरिंग डळमळणारे.

मी दुसऱ्या प्रकारची, हे मी आल्याआल्या सांगून टाकलं होतं.

“मला उपदेश नकोय. मला गाडी सरळ हवीय.”

“सरळ,” बुवा म्हणाले, आणि पुढची शेंग फोडली.

तिथं माझा आवाज चढला.

“बुवा, मी सड्यावरच्या बेडकांचा अभ्यास करते. कातळावरून जायचं, मध्ये धोंडे. जीपचं पोट घासायचं. म्हणून शहरातल्या गॅरेजमध्ये नेऊन ती अडीच इंच उचलून घेतली. पुढच्या पाट्यांच्या स्प्रिंगांना लांब कड्या लावल्या, चारही पाट्यांत एकेक जाड पोलादी पान जास्तीचं घातलं. पोट घासायचं थांबलं. आणि बाकीचं सगळं सुरू झालं! सरळ रस्त्यावर ही डावीउजवीकडे हिंडते. वळली की वळलेलीच राहते, ओढून सरळ करावी लागते. खड्ड्यात आधी आपटते, मग उडते, आणि उडताना खालून ठाण्णकन वाजतं. परवा उतारावर स्टिअरिंग माझ्या दोन्ही हातांत थडथडलं. एका बाजूला दरी होती.”

“मंग?”

“गॅरेजवाल्याला फोन केला. तो काय म्हणाला माहितेय? ‘मॅडम, उंच गाडी अशीच चालते. सवय होईल.’”

बुवांचा हात टोपलीत थांबला.

“सवय होईल! हसत हसत म्हणाला. आणि… आणि झाली.”

“कुनाला?”

“हिला.”

रेवा पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढत होती.

“पहिल्या दिवशी रडली. मग नुसती ओरडायची. आता वळण यायच्या आधीच समोरची दांडी धरते, डोळे मिटते, आणि वळण गेलं की उघडते. हूं की चूं नाही. माझ्या मैत्रिणींच्या मुली पाहुण्यांसमोर गाणी म्हणून दाखवतात, बुवा. हिला सड्यापर्यंतची वळणं पाठ आहेत.”

बुवांनी टोपली बाजूला सारली. धोतर झटकलं.

“चल. फेरी.”

मी चालवायला बसले. बुवा शेजारी. रेवा मागं, दांडी धरून.

“पयला गिअर. दीपमाळ उजव्या हाताला ऱ्हाऊ दे. वळीव.”

वळवली.

“आता सोड.”

“काय?”

“हात.”

मी सोडले नाहीत. मी आई आहे, शिवाय डॉक्टरेट केलेली आहे. दोन्ही प्रकारच्या माणसांना हात सोडता येत नाहीत.

“सोड म्हंतो न्हवं? आगं, मुंगीच्या चालीनं चाललीय. दीपमाळ काय अंगावर धावून येनार हाय?”

सोडले. मांडीवर ठेवले.

जीप वळलेलीच राहिली. स्टिअरिंग तसूभर हललं नाही. इंजिन आपल्या तंद्रीत गुरगुरत होतं आणि आम्ही दीपमाळेभोवती गोल फिरत होतो. मठाचं कुत्रं उठलं, आमच्याकडे तुच्छतेनं पाहून सावलीत जाऊन बसलं. पुन्हा ओटा आला. पुन्हा शेंगांची टोपली. पुन्हा कुत्रं.

बुवांनी डोळे मिटून जपाची माळ काढली होती.

“बुवा, थांबवू?”

माळेचा एक मणी पुढं सरकला.

“एक फेरी पुरे असते ना?”

“मी कुटं चालवतोय?” डोळे न उघडता ते म्हणाले. “तू तरी कुटं चालवतीस?”

माझं डोकं तापलं. इतक्या लांब मुलीला घेऊन आले, ती दरी चुकवत आले, आणि हा माणूस माझ्या जीपमध्ये बसून जप करतोय! मला आता एखादं गोड वाक्य ऐकवलं जाणार, आणि मी ते ऐकून त्याच गाडीतून त्याच दरीच्या कडेनं परत जाणार.

तेवढ्यात मागून आवाज आला. वाटलं, खालचं काहीतरी तुटलं.

रेवा हसत होती.

“आई! आपण देवाला चक्कर आणतोय!”

मी ब्रेक मारला.

धूळ खाली बसली.

“हां. इचार आता,” बुवा म्हणाले.

“तेच. हात सोडल्यावर परत का येत नाही?”

“का येत न्हाई?”

“मी तुम्हाला विचारतेय!”

“आन मी तुला.”

“कारण पुढचा एक्सल पुढं झुकलाय!” मी ओरडलेच. “लांब कडी लावली की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, त्याच्याबरोबर एक्सल पुढं कलतो. चाक ज्या किंगपिनवर वळतं, तिचा माथा थोडा मागं रेललेला असावा लागतो. तरच वळणानंतर चाक आपणहून सरळ येतं. इथं माथा मागं रेललेला राहिलाच नाही! एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये पोलादी पाचर बसवली की तो परत मागं जाईल. आणि ठाण्ण वाजतं ते शॉकअपमुळे. गाडी उंच केली, हादरे झेलणारे शॉकअप जुनेच, आखूड ठेवले. उडताना ते ताणून संपतात आणि हिसका देतात. आणि ते जास्तीचं पान ओझ्याच्या गाडीसाठी असतं! माझ्या गाडीत काय ओझं? एक जाळी, दोन बादल्या आणि ही!”

“मी ओझं नाही,” रेवा मागून म्हणाली.

कुत्र्यानं कान टवकारले.

“कुनी सांगितलं?” बुवांनी हळू विचारलं.

“कुणी नाही. वाचलं. मग एक्सलचा कोन मोजला. गॅरेजला न्यायच्या आधी मोजला होता, आणल्यावर परत मोजला.”

“आनल्यावर कवा?”

“…लगेच.”

“म्हंजे पयल्यापासनं ठावं हाय.”

“मी त्याला सांगितलं, बुवा! तो म्हणाला, मॅडम, पुस्तकातलं वेगळं असतं, माझी हयात गेली यात.”

“आन तू?”

मी काय? मला वाटलं, असेल. माझंच मोजताना काही चुकलं असेल. मला बेडकांच्या बाबतीतही रोज तसंच वाटतं. पण बेडूक निदान तोंडावर तसं म्हणत नाहीत.

“चूक त्याची आहे,” मी म्हणाले.

“व्हय. त्याचीच हाय.”

मी भांडायच्या तयारीत होते. त्यांनी एका शब्दात कबूल करून टाकलं. आता एवढा सगळा राग ठेवायचा कुठं?

“मग तुम्ही त्याला फोन करा. तुमचं ऐकेल तो.”

“माजं का ऐकंल?”

“तुम्ही… बुवा आहात.”

“आन तू कोन हाईस?”

मठात असं विचारलं की काहीतरी खोल उत्तर द्यायचं असतं, एवढं मला माहीत होतं.

“हिची आई.”

“मंग झालं की,” बुवा म्हणाले आणि खाली उतरले.

मठामागच्या शेडमधून त्यांनी एक डबा आणला. त्यात पोलादी पाचरी होत्या, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. मठाच्या जुन्या गाडीचे लांब शॉकअपही कोपऱ्यात पडलेले निघाले. जॅक लावला, ठोकळे लावले, आणि बुवांनी पाना माझ्या हातात दिला.

“मी?”

“तुला ठावं हाय. मला गुडघं हायत.”

दुपार जीपखाली गेली. जास्तीची पानं काढली, लांब शॉकअप बसवले. उंची जराशी उतरली, पण पोट घासणार नाही इतकी राहिली. पाचरीचं जाड टोक कुठल्या बाजूला घ्यायचं, यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. ते पुढं म्हणत होते, मी मागं. मी जमिनीवर काडीनं चित्र काढलं. ते नाही म्हणाले. मी पुन्हा काढलं. ते नाही म्हणाले. मी म्हणाले, “नाही तर नाही, माझी गाडी आहे, मी मला हवी तशीच बसवणार!”

“बशीव,” बुवा म्हणाले.

त्यांना खरंच तसं वाटत होतं, की मी तसं म्हणेपर्यंत ते थांबले होते, हे मला अजून कळलेलं नाही. त्याही विचारानं एखादी रात्र जाईल.

रेवा ओट्यावर बसून शेंगा खात होती. मुठी कधी उघडल्या, ते मी पाहिलं नाही.

शेवटचा नट आवळून मी बाहेर आले. केसांत ग्रीस, कोपर सोललेलं. ब्रेकचे पाइप ताणत नाहीत ना, ते दोनदा बघितलं. मग तिसऱ्यांदा.

“किती बघशील?” ओट्यावर बसत बुवा म्हणाले. “फेरी.”

रेवा आता कुत्र्याजवळ सावलीत होती. पहिला गिअर. दीपमाळ उजवीकडे. वळवलं.

हात सोडले.

स्टिअरिंग माझ्या डोळ्यांसमोर फिरलं. आपणहून. सावकाश, जणू त्याला कधीपासून जायचंच होतं. चाकं सरळ झाली, आणि जीप दीपमाळ सोडून थेट निघाली, ओट्याकडे, शेंगांच्या टोपलीकडे, टोपलीशेजारी बसलेल्या बुवांकडे. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. बंपर ओट्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

बुवा जागचे हलले नव्हते.

“सरळ पायजे हुती न्हवं?”

मला हसू आलं. ते मी येऊ दिलं नाही. माझा राग अजून संपला नव्हता, आणि तो इतक्या स्वस्तात संपवायचा मला कंटाळा आला होता.

निघताना काढलेली पानं बुवांनी गोणपाटात गुंडाळली, दोरी बांधली, आणि जीपमध्ये मागं टाकली. जड होती. जीप एकदा खाली दबली आणि शांतपणे वर आली. आपटली नाही.

“खाली गेलीस की आधी चाकांचं अलाइनमेंट करून घे. मंग हे त्या गॅरेजवाल्याच्या टेबलावर नेऊन ठेव.”

“टेबलावर?”

“मधोमध.”

“तो म्हणेल, मॅडम, याचं मी काय करू?”

बुवांनी एक शेंग फोडली. दाणे तळहातावर घेतले. फुंकर मारून टरफल उडवलं.

“सांग त्याला… हुईल सवय.”

उतार लागला. पहिलं वळण दिसलं.

मी आरशात पाहिलं. रेवाचे हात दांडीकडे गेले. डोळे मिटायला लागले.

दरी त्याच बाजूला होती. वळवताना मी हात घट्ट धरले होते. वळण संपत आलं, तसे सैल केले. पूर्ण सोडले नाहीत, तेवढी मी अजून सुधारलेली नाही. स्टिअरिंग बोटांखालून सरकत सरकत जागेवर आलं. खड्डा आला, गाडी दबली, वर आली. ठाण्ण वाजलं नाही.

“रेवा, डोळे उघड. बघ. हात सैल सोडले तरी आपणहून सरळ जाते आता.”

तिनं डोळे उघडले. स्टिअरिंगकडे पाहिलं. माझ्या हातांकडे पाहिलं. मग दांडीवरचे आपले हात काढून घेतले, एक, आणि थोड्या वेळानं दुसरा.

मला वाटलं, आता ही असं काहीतरी बोलेल, की मी ते जन्मभर विसरणार नाही.

“म्हणजे आता ती गोल गोल नाही फिरणार?”

“नाही गं, राणी. आता कध्धीच नाही.”

रेवा सीटवर ताठ बसली. कित्येक दिवसांत मी तिचा आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता.

“कुणी सांगितलं होतं तुला नीट करायला?”