जकातमाफी आणि तांब्याभर पाणी

माळधानी ओस पडत चाललं होतं, म्हणून राजेसाहेबांनी फर्मान काढलं की तिथे राहून जो तेलघाणा चालवील, त्याला दहा वर्षं जकात माफ. शहरातल्या गुलाबशेटनी तिथे एक खोली बांधली, तिला कुलूप ठोकलं आणि शहरातलंच तेल बिनजकातीचं विकायला लागले.

गावची पाटलीण सगुणाबाई दरबारात गाऱ्हाणं घेऊन गेली.

राजेसाहेबांनी शेटना बोलावून घेतलं, तसे ते उसळले. "महाराज, दोन वर्षं मी तिथंच राहतोय. ही बाई जळते माझ्यावर!"

"असेल बाबा, माझंच चुकलं असेल. उन्हातून आलात, आधी पाणी घ्या," म्हणत तिनं तांब्या पुढे केला.

शेटनी मोठा घोट घेतला आणि भर दरबारात थुंकले. "शी! केवढं खारट! विष पाजतेस काय?"

"महाराज, हे आमच्या गावच्या एकुलत्या एका विहिरीचं पाणी. आमची तान्ही पोरंसुद्धा याला तोंड वाकडं करत नाहीत. मग शेटजी दोन वर्षं काय पीत होते?"

दरबार खो खो हसला. "माफी हवी तर माळधानीतच राहा आणि हेच पाणी प्या," राजेसाहेबांनी फर्मावलं.

महिन्याभरात घाणा फिरू लागला. दुसऱ्या महिन्यात शेटनी टेकडीखाली स्वखर्चानं विहीर खणली, तिला गोडं पाणी लागलं. पहिला तांब्या सगुणाबाईनंच त्यांच्या हातात दिला.

"घ्या शेटजी. हे मात्र थुंकू नका हं!"