विडा मांडणाऱ्याचा पहारा

एका राज्यात राजा होता, प्रधान होता, आणि दोघांच्या पाठीला मऊ लोड होते. सैन्य मात्र शत्रूच्या तोंडावर, काळखिंडीत उभं होतं. खिंडीतल्या जादूगाराचा शापच तसा: बदली आल्याशिवाय पहारेकऱ्याचा पाय सुटायचा नाही, आणि बदली लांबली की तळव्यापासून दगड व्हायचा. गेलेला परतत नाही म्हटल्यावर नवा कोण जाणार? दर अमावास्येला दरबारात विडा मांडायचे. तो तबकात वाळायचा. मग प्रधान म्हणायचा, "हल्लीच्या पोरांत दमच नाही."

गिरजाचा भाऊ भानजी खिंडीत छातीपर्यंत दगड झाला होता.

एके सकाळी खिंडीतून साळुंकी आली. "गिरजाबाई, दगड गळ्याशी आलाय. शाप तुटायला जादूगार तीन कामं सांगतो. वारा मोटेत बांध. उन्हाचं दही लाव. आणि पहाऱ्याचा हुकूम देणाऱ्यालाच पहाऱ्यावर उभं कर."

"पहिली दोन सोपी आहेत," गिरजा म्हणाली. तिनं वारा बांधला, उन्हाला विरजण लावलं, आणि दोन्ही घेऊन दरबारात शिरली. विडा मांडलेलाच होता.

"महाराज, उचला."

प्रधान ओरडला, "पोरी, विडा मांडणाऱ्यानं उचलायचा नसतो! रीत आहे!"

"कुणाची रीत? लोडाला टेकलेल्यांची! भाऊ माझा दगड होतोय, आणि भित्रे आम्ही? लाज कशी वाटत नाही?"

"महाराजांचे गुडघे दुखतात."

"भानजीचे नाही दुखत. दगडाचे आहेत."

राजा विड्याकडे बघत राहिला. मग खुदकन हसला. "इतकी वर्षं मांडतोय, चव काही पाहिली नाही." आणि विडा तोंडात टाकला.

गिरजानं मोट सोडली. वाऱ्यानं दोघांना खिंडीत उतरवलं. तिनं भानजीच्या ओठांना उन्हाचं दही लावलं. ओठ हलले. राजानं त्याच्या हातातला भाला घेतला.

"भानजी, बदली आली."

खिंडभर दगड तडकले. खपल्या गळाल्या. शाप तुटला. सगळं सैन्य आधी मटकन खाली बसलं, पाय चोळू लागलं आणि हसत सुटलं.

साळुंकीनं गावागावांत सांगितलं, राजा उभा आहे. दिवस कलायच्या आत दम नसलेली ती पोरं धावत खिंडीत आली.

"आता मी उभी राहते," गिरजा म्हणाली. "पण सकाळी मला सोडवायला कोण?"

राजा म्हणाला, "प्रधानजी."

आणि सकाळी प्रधान धापा टाकत, कण्हत, पण आला. जसा त्यांचा पहारा फिरता झाला, तसा तुमचाआमचाही होवो.