मुगीचा चौथा टप

एक होती कुत्री. मुगाच्या दाण्याएवढी. म्हणून तिचं नाव मुगी.

मुगी चालायची, टप टप टप टप.

एके सकाळी मुगी उठली. टप टप टप... हुप! मागचा एक पाय वरच राहिला.

"अगं बाई! माझा चौथा टप कुठे गेला?"

भावंडं हसली. "मुगी लंगडी घालतेय!" आणि गेली की पुढे पळून. मुगीला रडूच आलं.

मग मुगी गेली गजरामावशीकडे. गजरामावशी बायकांना बांगड्या भरायची. तिची बोटं भारी हुशार.

"मावशी, मावशी, पाय बघ ना!"

"तेलाशिवाय मी कुणाचा हात धरत नाही. पाय कसा धरू? आधी तेल आण."

टप टप टप हुप! मुगी गेली शिदूकाकाच्या तेलाच्या घाण्यावर.

"काका, काका, तेल दे! मावशी बघेना, टप मिळेना!"

"घाणा ओढणारा बैल बसलाय रुसून. त्याला उठव."

टप टप टप हुप!

"बैलदादा, घाणा फिरव! काका देईना, मावशी बघेना, टप मिळेना!"

"पोट रिकामं, फिरू कसा? गवत आण."

टप टप टप हुप!

"गवता, गवता, लवकर वाढ! बैल फिरेना, काका देईना, मावशी बघेना, टप मिळेना!"

"तहान लागलीय गं. पाटाला सांग."

टप टप टप हुप!

"पाटा, पाटा, पाणी सोड! गवत वाढेना, बैल फिरेना, काका देईना, मावशी बघेना, टप मिळेना!"

"वाटेत ढेकूळ बसलंय बघ. हलव त्याला."

टप टप टप हुप!

"ढेकळा, ढेकळा, बाजूला हो! पाट वाहेना, गवत वाढेना, बैल फिरेना, काका देईना, मावशी बघेना, टप मिळेना!"

ढेकूळ म्हणालं, "मला पायच नाहीत. होऊ कसं बाजूला?"

मुगी बघतच राहिली. याला एकही पाय नाही. आपले तर तीन चांगले आहेत!

मुगीने पुढच्या पायांनी उकरलं. खर्र खर्र, खर्र खर्र. ढेकूळ फुटलं, फस्स!

पाट वाहिला, खळखळ. गवत वाढलं, सळसळ. बैलाने खाल्लं, कचर कचर. घाणा फिरला, कर्र कर्र. तेल गळलं, टिप टिप.

काकाने मुगीच्या शेपटीवरच तेल ओतलं. "जा, सांडू नकोस हं!"

शेपटी ताठ करून मुगी आली मावशीकडे. मावशीने बोटांना तेल लावलं. मांडी दाबली.

"इथे दुखतं?"

"नाही."

गुडघा दाबला.

"इथे?"

"नाही."

तळवा दाबला.

"कुंई!"

बोटांच्या मधे, केसांत लपून बसला होता एक सराटा. इवलासा, काटेरी.

"अगो बाई! दुखणं एवढुसं, आणि पाय धरलास अख्खा वर!" मावशी हसली. तिने सराटा हळूच ओढला. टुप!

मुगीने पाय टेकवला. टप. पुन्हा टेकवला. टप!

"थांब गं, तेल तरी पुसते!"

पण मुगी कसली थांबते! टप टप टप टप, टप टप टप टप, भावंडांच्याही पुढे.

गोष्ट इथे बसली. मुगी काही बसली नाही.