न सुजलेला पाय

पेशींना वाचा होती त्या काळी एका घोडीच्या रक्तात श्वास वाहणारे तांबडे हमाल आणि जंतूंशी लढणारे पांढरे शिपाई राहत. हाडातली मज्जा ही दोघांचीही आई. भिवाजी हा शिपायांतला सगळ्यांत जुना.

पायात काटा रुतला की शिपाई धावून जात, जंतूंशी झटापट होई. पाय सुजे, पू वाही, घोडी लंगडे. हमाल आईकडे तक्रार करत, "काट्याचं एवढं काही नसतं. दंगा हेच करतात." ऐकून ऐकून आईलाही ते पटलं. तिने नवे शिपाई घडवणं बंद केलं. शिपायांचं आयुष्य मुळातच थोडं; जुने चार दिवसांत सरले, एकटा भिवाजी कसाबसा तगला.

पुन्हा काटा रुतला. सूज नाही, पू नाही.

"बघ, कशी शांतता आहे," आई म्हणाली.

भिवाजी जखमेपाशी जाऊन धापा टाकत परतला. "आई, जंतूंनी तिथे संसार थाटलाय. भांडायला आपलं कुणी नाही, म्हणून शांत आहे."

"तुला भांडणाशिवाय काही दिसतच नाही."

भिवाजी पुन्हा एकटाच गेला, तो परतला नाही. आठवड्यात जंतू अंगभर पसरले, घोडीच्या तोंडात फोड आले, अंग तापलं, तिने दाणा सोडला. आई घाईघाईने शिपाई घडवायला बसली, पण शिपाई घडायला दिवस लागतात.

घोडी गेली तेव्हा हमाल लाखोंनी हजर होते, वाहायला श्वासच नव्हता. पाय मात्र शेवटपर्यंत सुजला नाही.