शस्त्रं देवीपुढे ठेवली तो दिवस

फार पूर्वी, डोंगरांच्या बेचक्यात एक लहानसं राज्य होतं. तिथला सेनापती मोठा पराक्रमी, पण त्याच्या डोक्यात एकच भुंगा: लढायचं आपण आणि मुजरे घ्यायचे त्या म्हाताऱ्या राजाने? राजा तसा भला माणूस. पण सेनापतीला तो डोळ्यांसमोर नकोसा झाला होता.

घाटाखालच्या बड्या राज्याला हे बरोबर कळलं. अशा गोष्टींचा वास त्यांना आधी येतो! त्यांचा वकील गोड बोलत आला. आमच्या तोफा घ्या, पलटणी घ्या आणि खुशाल गादीवर बसा, म्हणाला. मोबदल्याचं विचारलं तर म्हणे, आम्हाला काय हवंय, शेजारी आपला माणूस असला म्हणजे झालं.

सेनापती हुरळला. एका सकाळी त्याने त्या परक्या पलटणी आणून राजवाड्याला वेढा घातला आणि राजाला कैद केलं. कोठडीत जाताना राजा म्हणाला, "अरे, मागितली असतीस तर गादी तुलाच दिली असती. यांना कशाला घरात घेतलंस?" पण आता मागे फिरायचं कसं? सेनापतीने कोठडीला कुलूप घालायला लावलं.

त्या राज्याची एक रीत होती. नवा राजा गादीवर बसला की सगळं सैन्य आपली शस्त्रं देवीपुढे ठेवी आणि दुसऱ्या दिवशी राजाच्या हातून परत घेई. त्याशिवाय कुणी त्याला राजा मानत नसे. सेनापतीने रीत थाटात पाळली. पाहुण्या पलटणींना मात्र ती लागू नव्हती. उजाडलं तेव्हा देवळाच्या दाराशी त्यांचा पहारा उभा होता.

"माझ्या माणसांची शस्त्रं द्या," नवा राजा म्हणाला.

"देऊ की, महाराज," वकील हसला. "लागतील तशी देऊ. तोवर आमची माणसं आहेतच."

ती कधीच मिळाली नाहीत. पुढे बड्या राज्याने नदीला पाट काढून पाणी घाटाखाली नेलं. उभी पिकं करपली. लोक गाऱ्हाणं घेऊन राजवाड्यापुढे जमले, तर परक्या पलटणींनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हुकमावर शिक्का नव्या राजाचा होता. वकिलाने समोर उभं राहून तो मारून घेतला होता.

खाली बायका मेलेल्यांची डोकी मांडीवर घेऊन रडत होत्या. वकिलाला कुणीच शाप देत नव्हतं. त्याचं नाव तरी कुणाला ठाऊक होतं? तळतळाट देत होत्या त्या आपल्याच सेनापतीला, आणि तो खिडकीशी उभा राहून ऐकत होता.

तात्पर्य: घरच्या भांडणात बाहेरच्याच्या बळावर जो जिंकतो, त्याच्या हाती घर राहत नाही, राहतो तो फक्त दोष.