तांब्याच्या पैशांची पोती

कुंभवती नगरीवर दृढवर्मा राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वाने एका व्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. बोधिसत्त्व म्हणजे जन्मजात शहाणा, असे कोणी समजू नये. त्यालाही ठेच लागूनच शहाणपण आले.

एके वर्षी तांबे फार महागले. तांब्याचा पैसा बाजारात एका पैशालाच चाले, पण वितळवला तर त्यातले तांबे दीड पैशाला जाई. हे बोधिसत्त्वाच्या ध्यानात आले. तो चौकात बसून शंभर पैसे घेई आणि त्यांच्या मोलाचे चांदीचे नाणे देई, वर ओंजळभर तीळ. लोक खुशीने पैसे आणून ओतत. पोती भरली की तो ती भद्दिल तांबटाला विकी.

भद्दिल म्हणे, "शेठ, यात आपण कुणाला फसवलं? देणारा खूष, घेणारा खूष."

बोधिसत्त्वालाही ते पटले होते. नफा गोड असला की पटायला वेळ लागत नाही.

महिन्याभराने तो सकाळी भाजीबाजारात गेला. साळवती नावाची म्हातारी पालेभाजी विकत असे. तिच्यापुढे जुड्यांचा ढीग पडला होता, आणि खालच्या जुड्या पिवळ्या पडल्या होत्या. त्याने एक जुडी मागून चांदीचे नाणे पुढे केले.

"सुटे नाहीत, बाबा," ती म्हणाली. "आठ दिवस झाले, भवानीसुद्धा झाली नाही. ज्याच्या त्याच्या हातात चांदी. सुटा पैसा कुठं गेला, देव जाणे."

त्या बाजारात पहिला विक्रा रोखीनेच करायचा, अशी रीत होती. तो होईपर्यंत उधार नाही आणि फुकटही नाही.

"बाकीचे राहू दे तुझ्याकडे," बोधिसत्त्व म्हणाला.

"एका जुडीला चांदी घेऊ? भीक नाही मागत मी." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिले आणि तिचा आवाज मऊ झाला. "तुमच्यासारख्याकडंही सुटा पैसा उरला नाही म्हणजे दिवस वाईट आलेत. रीत मोडली तर मोडू दे. घेऊन जा, पोरंबाळं जेवतील."

आणि तिने जुडी त्याच्या हातात ठेवली.

बोधिसत्त्वाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. जिच्या पोटावर त्याने पाय दिला, तिलाच त्याची दया आली होती. ती जुडी घेऊन भर बाजारातून चालताना त्याला वाटले, सगळे आपल्याकडेच पाहत आहेत. पाहत कोणीच नव्हते, आणि त्याचीही त्याला लाज वाटली.

तो तडक भद्दिलाकडे गेला आणि चांदी परत करून त्याने पोती मागितली. सात शिल्लक होती, तीन वितळली होती.

"दुप्पट देतो, राहू द्या," भद्दिल म्हणाला. "आणि गप्प बसा. कुणाला कळलंय?"

"मला कळलंय," बोधिसत्त्व म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सातही पोती चौकात उघडून तो जुन्याच भावाने पैसे देऊ लागला. सुटा पैसा कुणी नेला होता, हेही त्याने येईल त्याला सांगितले. काही हसले, काहींनी शिव्या दिल्या. साळवतीकडे जायला मात्र त्याचे पाय उचलेनात. ऊन कलल्यावर तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि सगळे सांगून मोकळा झाला.

ती म्हणाली, "माझी नातवंडं आठ दिवस अळणी पेज पीत होती. मीठवालाही सुट्याशिवाय देईना." मग तिने विचारले, "वितळली त्यांचं काय?"

घरी जाऊन बोधिसत्त्वाने घागरी, तपेली, परात, घरातले होते तेवढे तांबे गाडीत घातले आणि राजाच्या टांकसाळीत नेऊन त्याचे पैसे पाडून घेतले. ते बाजारात आले तरी तीन पोत्यांची भर झाली नाहीच. त्या दिवसापासून त्याच्या घरी मातीच्या भांड्यांत स्वयंपाक होऊ लागला. पाहुण्यांनी कारण विचारले की तो ते न लपवता सांगे, आणि दर वेळी त्याची मान खाली जाई.

आपल्या पूर्वजन्माची ही गोष्ट एवढी सांगून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू, थांबले. जास्तीची चीवरे, म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, साठवून "मी नियम कुठे मोडला?" असे विचारणारा भिक्षू तिंबरू समोरच बसला होता. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा भद्दिल तांबट म्हणजे हा तिंबरू. साळवती म्हणजे भिक्षुणी चंदिका. आणि तो व्यापारी मीच. नियम न मोडताही माणूस दुसऱ्याच्या तोंडचा घास काढतो, भिक्षूंनो. तो घास दाखवून देते ती लाज. तिलाच ह्री म्हणतात, आणि मला ती एका भाजीवालीने शिकवली."